फितींखाली मोठ्यांना मज्जाव

ग्लेनिस हॉपकिन म्हणजे हेटीची सावली, असं अख्खं गाव म्हणायचं आणि ग्लेनिसला त्याचा अभिमान होता. हेटी नऊ वर्षांची. बोलायची क्वचित, आणि चालता चालता मध्येच अशी थांबायची की हलायचं नाव नाही. पहिलीपासून ग्लेनिस वर्गात तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसत होती. पेन्सिल जमिनीला टेकायच्या आत उचलायची, कुणी हेटीला काही विचारलं की हिचं उत्तर तयार. मदतनीस म्हणून नेमलेल्या बाईनं आणखी काय करायचं असतं?

आज मात्र ती धास्तावली होती. गावाच्या हिरवळीवर मे महिन्याची जत्रा भरली होती, मधोमध उंच खांब उभा होता आणि त्याच्या टोकापासून रंगीत फिती लोंबत होत्या. शाळेची मुलं दरवर्षी एकेक फीत धरून खांबाभोवती गोफ विणत. यंदा तो पाहायला कौन्सिलच्या शिक्षण खात्यातल्या लाथमबाई मुद्दाम आल्या होत्या, म्हणजे खरं तर हेटीला पाहायला. पोर इतरांत मिसळते की नाही, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. मिसळत नसेल तर सप्टेंबरपासून तिची रवानगी विशेष शाळेत, रोज टॅक्सीनं तासभर लांब, जिथं गावातलं एकही पोर नाही. ग्लेनिसनं मनाशी पक्कं केलं होतं, हेटीचा हात धरून आपणही नाचायचं.

"ते जमायचं नाही," प्रॉबर्टबाई अ‍ॅकॉर्डियनचा पट्टा खांद्यावर चढवत म्हणाल्या. गावचा गोफ त्याच शिकवत आणि त्यांच्यापुढे पाद्रीसुद्धा हळू बोलत. "फितींखाली मोठ्यांना मज्जाव. माझ्या आजीच्या वेळेपासून."

"हॉलमध्ये सरावाला चालवून घेतलंत की."

"हॉल म्हणजे हॉल, हा गावाचा खांब आहे. शिवाय तुझी उंची बघ. मागे एकदा पाद्रीबाबा हौसेनं घुसले, तर त्यांचा चष्मा फितीत अडकून वर गेला."

"आणि ती मध्येच थांबली तर?"

"तर थांबेल. जा, बस जाऊन."

ग्लेनिस लाथमबाईंशेजारी गवतावर जाऊन बसली. शेजारी कसली, फासाच्या तख्ताशेजारीच म्हणा. अ‍ॅकॉर्डियन वाजू लागलं. मुलं एक आतून, एक बाहेरून अशी एकमेकांना ओलांडत निघाली. हिरवी फीत धरून हेटी चार पावलं चालली आणि थांबली.

ग्लेनिस उठलीच होती. एवढी घाई की चहाचा कप लवंडला. आता मागचं पोर धडकणार, फिती गुंतणार, लोक हसणार आणि संपलं सगळं.

समोरून रोरी येत होता, खाटकाचा मुलगा, वर्गातला सगळ्यात धसमुसळा. तो धडकला नाही. हेटीभोवती त्यानं एक गिरकी घेतली आणि पुढे गेला. तेवढ्यात वर्गातलीच बेथन थांबली. मग तिच्या पलीकडचा, मग आणखी एक. एकाआड एक मुलं फीत ताणून स्तब्ध उभी राहिली आणि उरलेली त्यांच्याभोवती गिरक्या घेत नाचू लागली. कुणी कुणाला खूण केली नाही. नाचातच असा एक प्रकार असतो, अर्ध्यांनी उभं राहायचं आणि अर्ध्यांनी फिरायचं. पण तो आज ठरलेला नव्हता. प्रॉबर्टबाईंनी भुवई उंचावली आणि न थांबता चाल बदलली. आता हेटी चुकलेली नव्हती. ती उभी होती, कारण नाचात तिनं उभंच राहायचं होतं.

ग्लेनिस होती तिथंच खिळली. तिला आनंद होत होता, आणि भीतीही वाटत होती, आपल्या हालचालीनं हे मोडेल की काय अशी. बऱ्याच वेळानं हेटीनं मान वर केली, वर विणल्या जाणाऱ्या रंगांकडे पाहिलं आणि पाऊल टाकलं. थांबलेले सगळे तिच्याबरोबर निघाले. न ठरवता जमलेला असा गोफ प्रॉबर्टबाईंनीही जन्मात पाहिला नव्हता.

नाच संपताच ग्लेनिसनं रोरीला गाठलं. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही, मिस. ती थांबतेच. मग आमच्यातले थोडे पण थांबतात. पकडापकडीत पण तसंच करतो."

"कधी? मी कधी पाहिलं नाही."

"तुम्ही चहाला जाता ना, तेव्हा."

"तुम्ही असलात की तिला ओढता," बेथन म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हेच ग्लेनिसला जास्त लागलं.

लाथमबाई मागे येऊन उभ्या होत्या. "कमाल तयारी करून घेतलीत तुम्ही. किती दिवस लागले?"

श्रेय घेऊन टाकणं किती सोपं होतं. ग्लेनिस म्हणाली, "मी काही केलं नाही. मी नव्हते तिथं, म्हणून झालं. वर्गात तिच्या आणि मुलांच्या मध्ये माझी खुर्ची असते."

लाथमबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मग सप्टेंबरपासून ती खुर्ची मागे, भिंतीपाशी ठेवा."

"सप्टेंबरपासून?" ग्लेनिसनं विचारलं. "म्हणजे ती इथंच?"

"इथंच."

हेटी आता आईस्क्रीमच्या गाडीपुढच्या लांबलचक रांगेत होती. रांग पुढे सरकली आणि हेटी थांबली. ग्लेनिसचे पाय आपोआप निघाले. तिनं ते आवरले आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. हेटीपुढे मोठी मोकळी जागा पडली. मागे शाळेची सगळी पोरं, हातात नाणी, उन्हात तोंडं लाल झालेली. पण कुणी पुढे घुसलं नाही. त्यांच्या गप्पासुद्धा तुटल्या नाहीत. ग्लेनिस देवळात उभी राहावी तशी उभी राहिली.

मग हेटी निघाली, आणि तिच्यामागे रांग निघाली.