वाळवलेल्या वड्या

अप्पा लेकीकडे महिनाभरासाठी आले ते एक बॅग आणि साबणाच्या दोन वड्या घेऊन. दोनच, कारण त्यांना एक वडी वीस दिवस पुरते. साबणाच्या कारखान्यात चौतीस वर्षं पट्ट्यावरची दर दहावी वडी उचलून तोलण्यात गेली होती, त्यामुळे या बाबतीत त्यांचा अंदाज चुकत नसे. कारखान्यात त्यांना सगळे 'काटा' म्हणत. शेवटी शेवटी तर ते वडी तळहातावर घेऊनच वजन सांगत, आणि खरा काटा मागाहून नुसती मान डोलवी.

दुकानातून आणलेली वडी ते लगेच अंगाला लावत नसत. कागद काढून ती दीड महिना कपाटावर वाळवायची, मगच वापरायची. ओली वडी म्हणजे पाण्यात जायला टपूनच बसलेली, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या घरी कपाटावर अशा वड्यांची एक रांग कायम असे.

ते घर तिसऱ्या मजल्यावर होतं. चार महिन्यांपूर्वी जिन्यात त्यांचा पाय मुरगळला आणि ते दोन तास पायरीवर बसून राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला "जरा टेकलोय" म्हणत राहिले. हे लेकीला आठवड्याने कळलं, तेही शेजारणीकडून. तेव्हापासून अप्पांनी आपल्याकडे कायमचं राहावं, एवढी एकच गोष्ट तिच्या मनात होती. पण असं थेट म्हटलं असतं, तर ते दुसऱ्या दिवशीच निघाले असते. म्हणून ती "महिनाभर या" म्हणाली होती.

अडचण बाथरूमची होती. तिचा नवरा बाथरूमचं सामान विकणाऱ्या शोरूममध्ये होता. त्याने घरची बाथरूम स्वतः सजवली होती: काळ्या टाइल्स, चकचकीत नळ, आणि साबणदाणी उखडून तिच्या जागी जेलचा डिस्पेन्सर. पहिल्याच दिवशी अप्पा अंघोळ करून आले, ते वडी हातात धरूनच.

"हिला ठेवायला जागा नाही?"

"अप्पा, आता साबण कोण वापरतं?" जावई म्हणाला. "टाइल्सवर पांढरे ओघळ येतात. शिवाय एकच वडी सगळ्यांच्या अंगाला! जेल वापरून बघा. एक थेंब पुरे."

"त्यात पाणी किती?" अप्पांनी लेकीला विचारलं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती.

"पाऊण हिस्सा तरी असेल."

"म्हणजे नळाला येतं तेच जावईबापू बाटलीतून विकत आणतात."

"अप्पा, वास बघा ना त्याचा!"

"वासाचं काय, वास फिनेललाही असतो."

तिने यात बाजू घेतली नाही. हाताला रॅश आल्यापासून तिला डॉक्टरांनी अंघोळीसाठी वेगळी बाटली दिली होती, आणि ती बेसिनच्या कपाटात असे. तिने मधल्या मार्गाने जायचं ठरवलं. पाणी निथळेल अशी लाकडी पट्ट्यांची साबणदाणी आणली आणि ती खिडकीच्या कठड्यावर ठेवली, टाइल्सपासून लांब. अप्पांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि "बरी आहे" म्हणाले. जावयाने फक्त सुस्कारा सोडला. आठ-दहा दिवस बरे गेले.

दहाव्या दिवशी पहिली वडी संपली.

अप्पांनी बोटांवर दिवस मोजले. दुसरी काढली. तीन दिवस रोज अंघोळीनंतर ती तळहातावर घेऊन क्षणभर डोळे मिटून उभे राहिले आणि चौथ्या दिवशी नाश्त्याला बसल्यावर म्हणाले, "माझी वडी रोज बारा ग्रॅम झिजते आहे. मी साडेपाच वापरतो."

"हातावर घेऊन कळतं तुम्हाला?" जावयाने विचारलं.

लेक उठली आणि स्वयंपाकघरातला काटा घेऊन आली. अप्पांनी बाथरूममधून वडी आणली, तळहातावर घेतली आणि म्हणाले, "पंचाहत्तर. फार तर शहात्तर." काट्याने शहात्तर दाखवले. जावई पोह्याचा चमचा तोंडात घ्यायचा विसरला.

"हवेत दमटपणा असेल," तो म्हणाला.

"दमटपणा साडेसहा ग्रॅम खात नाही." अप्पांनी वडी पुसून साबणदाणीत परत ठेवली. "लक्षात आलं माझ्या. वडी संपली की म्हातारा जाईल, असं कोणाला तरी वाटत असेल. ठीक आहे. ही संपली की मी निघतो. ओली मी वापरत नाही आणि वाळलेल्या तिकडे आहेत."

ते खोलीत गेले. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

शहात्तरला बाराने भागलं की सहा दिवस उरतात, हे लेकीला चटकन समजलं. चिडणं सोपं होतं, पण त्याने काही सिद्ध होणार नव्हतं. ती बाथरूममध्ये गेली आणि डिस्पेन्सरच्या पारदर्शक पट्टीकडे पाहिलं. अप्पा यायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने तिच्यासमोर तो काठोकाठ भरला होता. चौदा दिवसांत जेल जेमतेम दोन बोटं उतरलं होतं. एवढ्यात एका माणसाचे पायसुद्धा धुऊन होत नाहीत. म्हणजे एक तर नवरा दोन आठवडे अंघोळ करत नव्हता, किंवा.

पहिली शक्यता तपासायला नाक पुरेसं होतं. तो शोरूमला निघण्यासाठी शर्टाची बटणं लावत होता. ती जवळ गेली आणि त्याच्या मानेशी नाक नेऊन दीर्घ श्वास घेतला.

तो खुलला. "काय गं, आज सकाळी सकाळी?"

"साबण," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. त्याने दार लोटून घेतलं. "हळू बोल ना!"

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. सहज लावून बघितला. अगं, ते जेल कितीही धुतलं तरी गेल्यासारखं वाटत नाही. बुळबुळीत राहतं. मला तर पाठीला खाज सुटते. साबण लावला आणि पाठ एकदम मोकळी!"

"मग सांगायचं ना."

"कुणाला? रोज दहा गिऱ्हाइकांना सांगतो मी, साबण विसरा म्हणून. मॅनेजरने मला त्यासाठी बक्षीस दिलंय. आणि अप्पांना काय सांगू? आयुष्यभर ऐकावं लागेल."

"आयुष्यभर ऐकवायला ते इथे असायला हवेत," ती म्हणाली. "ते तुझ्यावर संशय घेऊन बॅग भरताहेत. मी सांगितलं तर ती चुगली होईल. तूच सांग."

"संध्याकाळी?"

"आत्ता."

तो अर्धी बटणं लावलेल्या शर्टानेच अप्पांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. अप्पा बनियनची घडी घालत होते.

"अप्पा, ते साडेसहा ग्रॅम माझे."

अप्पांचा हात थांबला. त्यांनी जावयाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तोललंच म्हणा ना. आता ते हसतील की बॅग उचलतील, हे लेकीला खरंच सांगता आलं नसतं.

"वडी कशी धरता?" अप्पांनी विचारलं.

"म्हणजे?"

"फेस काढताना. धारेखाली धरता?"

"हो. तशीच धरतात ना?"

"तरीच!" अप्पा बनियन टाकून उठले. "तरीच साडेसहा! नाहीतर तुमच्या अंगापिंडाला पाचसुद्धा पुष्कळ झाले. अहो, हात ओला करायचा, वडी नाही. आणि एवढ्या मोठ्या शोरूममध्ये कामाला आहात तुम्ही!"

"तिथे बोलू नका हं कुणाकडे."

"मी कशाला बोलतोय? पण टाइल्सचे ओघळ कोण पुसणार?"

"मी," जावई म्हणाला.

लेकीला एक आकडा अजून जुळवायचा होता. "अप्पा, डिस्पेन्सरमधलं दोन बोटं जेल कुणी घेतलं?"

अप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. "चष्मा छान स्वच्छ निघतो त्याने," ते म्हणाले. मग घाईने जावयाकडे वळले. "बघत काय उभे राहिलात? ही वडी आता दोघांना आठवडाभरसुद्धा पुरायची नाही. रविवारी माझ्या घरी जा. कपाटावर चौदा आहेत. सगळ्या आणा. डावीकडून उजवीकडे रांग आहे, ती मोडू नका. डावीकडची सगळ्यात जुनी."

रविवारी जावई तीन मजले चढला, तीन मजले उतरला आणि चौदाही वड्या एकाच पिशवीत भरून घेऊन आला.

"रांग?" अप्पांनी विचारलं.

"पिशवीत रांग कशी राहील, अप्पा?"

अप्पांनी कपाळावर हात मारला. मग स्टुलावर बसून एकेक वडी तळहातावर घेऊ लागले. हलकी ती जुनी, जड ती नवी. एकशे अकरा. एकशे बारा. हिला थांबवा. जावई त्यांनी सांगितल्या जागी एकेक कपाटावर मांडत गेला आणि दोनदा ओरडा खाऊन हवा जाईल इतकं अंतर सोडायला शिकला.

ती दारात उभी राहून पाहत होती. बॅग अजून पलंगाखाली तशीच होती. चेन अर्धी उघडी, वर बनियन. राहणार का, असं विचारायचा तिला धीर झाला नाही.

शेवटची वडी अप्पांनी जरा जास्तच वेळ हातात धरली.

"एकशे वीस. ही पार उजवीकडे ठेवा," ते म्हणाले. "धारेखाली धरली नाही, तर हिची पाळी यायला साडेचार महिने लागतील आपल्याला."