माया एक इंच

दिल्लीच्या फॅशन संस्थेने नाकारल्याचं पत्र आलं, त्या दिवशी संपदाने मनसोक्त रडून घेतलं, तोंड धुतलं आणि स्वतःचीच संस्था काढली. विद्यार्थिनी एक, प्राचार्याही तीच. सत्त्याण्णव साल होतं. चंदीगडच्या सेक्टरासेक्टरांत फॅशन शिकवणाऱ्यांच्या पाट्या लागल्या होत्या, पण दोन ठिकाणी डोकावल्यावर तिच्या लक्षात आलं, की तिथे कापडापेक्षा चालायचे आणि हसायचे धडेच जास्त. तिचे वडील जयंतराव इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होते. लेकीचा बेत ऐकून त्यांनी आधी चष्मा पुसला.

"एक वर्ष," ते म्हणाले. "तेवढ्यात कुणी तुला कामावर घेतलं तर तुझं खरं. नाहीतर मुकाट्याने बी.एस्सी."

संपदाने वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं. सकाळी सेक्टर सतराच्या लायब्ररीत बसून कापडाचा अभ्यास, मग तिथल्याच दुकानांच्या काचांपुढे उभं राहून वहीत चित्रं, आणि दुपारी वसुधामावशी. दुकानदारांनी तिला तीनदा हुसकावलं. मावशींनी मात्र एकदाही नाही.

वसुधामावशी समोरच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. नवरा विद्यापीठात शिकवायचा आणि त्या स्वतः कॉलनीतल्या यच्चयावत मराठी बायकांचे ब्लाउज शिवायच्या. लग्नाआधी सांगलीला शिवणकलेची परीक्षा दिली होती, ती त्यांना अजून तोंडपाठ होती. संपदा चंदीगडचीच, मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं हिंदीत. मावशींनी हिंदी बोलायला घेतली की हिंदीलाच घाम फुटायचा, म्हणून शिकवणी मराठीतून चालायची. त्यामुळे शिवणातला एकूण एक शब्द संपदाच्या डोक्यात मराठीतच बसला. पाठ, बाही, मुंढा, टीप. आणि टिपेच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, ती माया.

"माया किती सोडलीस गं?"

"आधा इंच, मावशी."

"अर्धा? आणि उद्या पोरीनं अंग धरलं की काय करशील? उसव बघू. चांगली इंचभर सोड."

उसव हा मावशींचा लाडका शब्द. संपदाने त्या वर्षात शिवलं थोडं आणि उसवलंच फार. मुंढा काखेत का टोचतो, बाही का फिरते, हे मावशी आधी सांगायच्याच नाहीत. उसवायला लावायच्या आणि विचारायच्या, "आता तूच सांग, चुकलं कुठं?" सांगता येईपर्यंत चहासुद्धा मिळत नसे.

आठव्या महिन्यात संपदाने आपल्या वह्या समोर मांडल्या आणि स्वतःशी खोटं न बोलता पाहिल्या. चित्रं बरी होती, नुसतीच बरी. पण कागदावर सपाट कापलेला तुकडा अंगावर कसा बसेल, हे तिला न शिवताच दिसायला लागलं होतं. भिंतीवरच्या कागदावर वर्षाच्या शेवटी 'डिझायनर' लिहिलं होतं. तो शब्द खोडणं सोपं नव्हतं. तरी तिने तो खोडला आणि लिहिलं, 'पॅटर्न मेकर', म्हणजे कपड्याचे कागदी साचे काढणारी.

अकराव्या महिन्यात पेपरात जाहिरात आली. इंडस्ट्रियल एरियातल्या एका कपड्यांच्या कंपनीला पॅटर्न विभागात मदतनीस हवी होती. महिनाभरात दुसरी संधी येण्याची शक्यता नव्हती, म्हणजे हीच पहिली आणि हीच शेवटची. पाच मुली आल्या होत्या. बाकी चौघींकडे संस्थांची प्रमाणपत्रं आणि चकचकीत चित्रांच्या फाइली. सगळ्यांना एकसारखीच मापं मिळाली: तीन तासांत एका जाकिटाचा पॅटर्न काढून कापड कापा. संपदाने कापलं, मावशींच्या शिस्तीप्रमाणे प्रत्येक तुकड्यावर खडूने लिहिलं, 'पाठ, माया १', 'बाही, माया १', गठ्ठा बांधून दिला आणि बाहेर बाकावर बसली.

तासाभराने विभागाच्या प्रमुख ढिल्लों मॅडमनी सगळ्यांना आत बोलावलं. टेबलावर चारच गठ्ठे होते.

"संपदा कौन है? तुमने तो कुछ जमा ही नहीं किया."

संपदाने टेबलावरचे गठ्ठे पुन्हा मोजले. गठ्ठा तर तिने स्वतः तिथल्या कापणी बघणाऱ्या म्हाताऱ्या करतार मास्टरजींच्या हातात दिला होता.

"एक और है जी," मास्टरजी कपाटाकडे हात करून म्हणाले. "पर वो तो माया का है. हर पीस पर नाम लिखा है. मैंने बाहर आवाज़ भी दी, माया नाम की कोई लड़की आई ही नहीं."

घाईत संपदा स्वतःचं नाव तेवढं लिहायला विसरली होती.

"मास्टरजी, माया मेरा नाम नहीं है," ती कशीबशी म्हणाली. "सिलाई के अंदर जो कपड़ा छोड़ते हैं ना, उसको माया कहते हैं."

"उसे मार्जिन कहते हैं, बेटा."

"हमारे यहाँ माया कहते हैं."

मास्टरजी इतके हसले की त्यांना पगडी सावरावी लागली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी गठ्ठा सोडला, टेप लावला आणि भुवया चढवल्या. "पूरा एक इंच? फैक्ट्री में आधा छोड़ते हैं. हज़ार पीस में तुम मेरा कितना कपड़ा खा जाओगी?"

बी.एस्सी.चा फॉर्म संपदाला डोळ्यांपुढे दिसायला लागला. आता झाकण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून तिने खरं ते सांगितलं. "मुझे घर में सिखाया है, मैम. पहनने वाली का बदन भरे तो कपड़ा खोल सकें, इसलिए."

मॅडमनी दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं. मुंढा इथे खोल का? संपदाने सांगितलं. बाही पुढे का झुकवली? तेही सांगितलं. मॅडम विचारत गेल्या आणि ती सांगत गेली. प्रत्येक रेघ तिने कधी ना कधी चुकवली होती, उसवली होती आणि चहाविना बसून तिचं कारण शोधलं होतं.

शेवटी मॅडमनी टेप गुंडाळला. "सोमवार से आ जाओ. और सुनो, माया आधे इंच की कर देना."

संपदा बसमधून उतरली ती घरी न जाता आधी मावशींकडे. सगळं ऐकताना मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग त्यांचं हसू ओसरलं.

"म्हणजे माझ्यापायी तुझं वर्ष बुडत होतं की गं. मी आपली बसले जुनंच शिकवत."

"नहीं, मावशी!" संपदाने त्यांचे दोन्ही हात धरले. "बाकी सबके पास फाइलें थीं. वजह सिर्फ़ मेरे पास थी, हर लाइन की. वो आपने दी है. मैं ज़िंदगीभर नहीं भूलूँगी." आणि ती वाकून त्यांच्या पाया पडली.

मावशींनी तिला उठवलं, पदराने नाक पुसलं आणि मशीनवरचा अर्धवट ब्लाउज बाजूला सारला. कपाटातून कोरं कापड काढून टेबलावर पसरलं. खडू संपदाच्या हातात दिला आणि स्वतः समोर, शिकायला येणाऱ्या पोरींच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

"अर्ध्या इंचात कसं बसवतात, ते आता मला शिकव."

संपदाने रेघ ओढली, पण डोळे भरल्यामुळे ती वाकडी आली. मावशींनी ती हाताने झटकून पुसली.

"आधी रडून घे," त्या म्हणाल्या. "मी थांबते."