मुळ्येसाहेबांसमोर दहा पावलं

संगमेश्वरजवळच्या एका वाडीत तुळसा आणि तिचा नवरा भागोजी राहत होते. चार वर्षांपूर्वी गवत कापताना तुळसाला फुरसं चावलं. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दोन वर्षं तिने अंगणात सरपटत काढली. मग रत्नागिरीतल्या एका संस्थेने तिला कृत्रिम पाय बसवून दिला. त्या दिवशी ती एकटी विहिरीपर्यंत गेली आणि कठड्यावर बसून रडली.

पायाचा खर्च मुळ्ये नावाच्या देणगीदाराने केला होता. मुंबईत त्यांचा कारखाना, पावसला आंब्याची बाग. देणगीदारांना वर्षभर खूश ठेवायचं काम संस्थेत ज्ञानेश्वरीकडे होतं. संक्रांतीला तिळगूळ, पाडव्याला पत्र, वाढदिवसाला फोन. आणि मुळ्येसाहेब कोकणात आले की तुळसा.

"तुम्हाला चालताना बघून त्यांना फार बरं वाटतं हो, ताई," ज्ञानेश्वरी म्हणायची आणि गाडी पाठवायची. तुळसा ठेवणीतलं लुगडं नेसून जायची. दहा पावलं चालायची. टाळ्या पडायच्या. एकदा साहेबांनी पाहुण्यांसाठी तिला जिना चढायला लावला. ती चढली.

दुसऱ्या वर्षी पाय सैल झाला, घासायला लागला. कातडी सोलवटली. तिने सांगितलं, तेव्हा ज्ञानेश्वरी म्हणाली, "पाय बसवणारे आता डिसेंबरच्या शिबिरालाच येतील. तोवर आत एक जादा मोजा घाला."

मे महिन्यात साहेबांची पंच्याहत्तरी आली. सकाळी भागोजीने मोजा काढून बघितला. जखम चिघळली होती, वास येत होता.

"नको जाव आज," तो म्हणाला.

"पाय त्यांनी दिलानी. नाय कसा म्हणू?"

गाडी घेऊन आलेल्या ज्ञानेश्वरीनेही जखम पाहिली. दोन पावलं मागे सरकून म्हणाली, "आजचा एक दिवस, ताई. साहेबांच्या देणगीवर आणखी वीस जणांचे पाय अडलेत."

बागेत खुर्च्या मांडल्या होत्या. फाटकापासून पडवीपर्यंत तुळसा हातात हार घेऊन चालली. कातळावर प्रत्येक पाऊल टाकताना तिच्या डोळ्यांपुढे काळोख येत होता. हार घालताना ती साहेबांच्या खांद्याला धरून थांबली. लोकांना वाटलं, भरून आलंय.

"फोटो नीट नाही आला," साहेब म्हणाले. "पुन्हा चालू दे. मागच्या वेळी किती छान चालली होती."

"हसा ना जरा," ज्ञानेश्वरी तिच्या कानाशी पुटपुटली.

तुळसा फाटकापर्यंत गेली आणि परत आली. गाडीशी पोचेपर्यंत मोजा रक्ताने भिजला होता. सीट खराब होऊ नये म्हणून ज्ञानेश्वरीने खाली वर्तमानपत्र पसरलं.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. आठवड्याच्या आत रत्नागिरीच्या दवाखान्यात तोच पाय पुन्हा कापला, आता गुडघ्याच्या वर.

ज्ञानेश्वरी भेटायला आली. भागोजी उठून उभा राहिला. "मॅडम, आता मोठा पाय लागेल म्हणतात. नवा मिळंल ना?"

"नाव यादीत घालते. पण साहेब यंदापासून डोळ्यांच्या शस्त्रक्रियांसाठी देणार आहेत." तिने मोबाइल काढला. "ताई, त्यांच्यासाठी दोन शब्द बोला. चादर कमरेपर्यंत ओढून घ्या, खालचं दिसायला नको."

भागोजी बाहेर निघून गेला.

"साहेबांमुळं मी चालले," तुळसा म्हणाली. "देव त्यांना बरा ठेवो."

"आवाज बारीक आला. पुन्हा एकदा."

तुळसाने घसा खाकरून तेच पुन्हा सांगितलं, शब्द न चुकता. ह्या वेळी ती हसलीसुद्धा.

"छान," ज्ञानेश्वरी म्हणाली. मोबाइल तसाच हातात ठेवून ती शेजारच्या खाटेकडे वळली. तिथे यमुनाबाई नावाची एक म्हातारी चाचपडत पाण्याचा तांब्या शोधत होती.

"आजी," ज्ञानेश्वरीने गोड आवाजात विचारलं, "तुम्हाला दिसतं कितपत?"