घोरपडीचे डोळे

माझी नोकरी पोटातली होती. परळला मनमोहनरावांची करमणूक बाग होती. तिच्या मागच्या अंगाला आदिकालीन प्राण्यांचा कोपरा होता आणि त्यातल्या सगळ्यांत मोठ्या प्राण्याच्या पोटात मी बसायचो. बाहेरच्या पाटीवर ‘डायनोसॉर’ असं ठळक लिहिलेलं होतं, पण लालबाग-परळच्या लोकांनी ती पाटी कधी मनावर घेतली नाही. एवढं लांब शेपूट, असलं थोबाड, म्हणजे घोरपडच, हा निकाल पहिल्याच दिवशी लागला. पुढे खुद्द मनमोहनरावही ‘घोरपड उघडली का रे?’ असंच विचारू लागले.

माझं नाव सीताराम. नावात देव आहेत, त्याला माझा इलाज नाही. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो तेव्हा माझी बायको बकुळा म्हणाली, नावही बदलून टाका. मी म्हटलं, बापानं हौसेनं ठेवलंय, राहू दे. देव सोडले तेवढे पुरेत.

घोरपड बांबू, गोणपाट आणि प्लॅस्टरची होती. पोटाखाली एक बुटकं दार होतं, त्यातून रांगत आत जायचं. आत एक स्टूल, जबड्याची दोरी आणि जुन्या ग्रामोफोनचा कर्णा. पोरं जमली की दोरी ओढून जबडा उघडायचा आणि कर्ण्याला तोंड लावून ओरडायचं. मान खाली वाकलेली होती आणि घशात, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, जाळी बसवलेली होती. तिच्यातून मला सगळं जग दिसायचं आणि जगाला मी दिसायचो नाही. मुंबईत एवढी चांगली जागा मला पुन्हा मिळाली नाही.

छपन्नच्या जानेवारीत बाहेर रस्त्यावर लाठीमार झाला. पळणारी माणसं भिंतीवरून उड्या टाकून बागेत शिरली आणि त्यातली काही घोरपडीच्या शेपटीत लपली. शेपूट पोकळ होतं, पण संयुक्त महाराष्ट्राचं वजन पेलण्याइतकं मजबूत नव्हतं. ते मधोमध मोडलं. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी पाठीचे पोपडे काढले, एक डोळा गळून पडला आणि जबडा उघडताना असा आवाज करू लागला की माझ्या ओरडण्यापेक्षा लोक त्यालाच हसत.

मग वाद सुरू झाला, की या कोपऱ्याची सुधारणा करायची की तो पाडून टाकायचा. राजलक्ष्मीबाई, म्हणजे मनमोहनरावांच्या सौभाग्यवती, पाडायच्या बाजूच्या होत्या. त्यांना तिथं मंगल कार्यालय हवं होतं. मनमोहनराव गिरगावातल्या जुन्या घराण्यातले. वाडवडिलांनी जमिनी घेऊन ठेवल्या होत्या आणि यांनी त्यांत काही न करण्याची परंपरा चालवली होती. ते म्हणाले, ‘‘प्राणी मुळातच लाखो वर्षांचा आहे. तो जुना दिसला तर चुकलं कुठे?’’

मला हसू आलं, पण माझी नोकरी त्या पोटात होती. कोपरा पाडला की मी बाहेर. म्हणून मी हात जोडून सांगितलं, ‘‘साहेब, काल एक पोरगं आईला म्हणालं, ही मेलीय. त्याला भीती वाटली नाही, कीव आली. थोडी डागडुजी करा, मी पुन्हा सगळ्यांना रडवून दाखवतो.’’

हे त्यांना पटलं, आणि त्यांनी राजारामला बोलावलं.

राजाराम लालबागचा गणपतीवाला. मूळचा कणकवलीकडचा. गणेशोत्सव नुकताच संपला होता, रंग उरले होते आणि हात रिकामे होते. त्यानं शेपूट जोडलं, पाठीवर हिरवा हात मारला, जबड्याला तेल घातलं. डोळे मात्र शेवटी ठेवले. मूर्तीवाल्यांची रीतच तशी. सगळं अंग पुरं झाल्यावर, अंघोळ करून, कुणाशी न बोलता ते डोळ्यांची आखणी करतात. मनमोहनरावांनी त्याला बजावलं होतं, डोळे असे काढ की पोरं पळाली पाहिजेत. राजारामनं मान हलवली, परांचीवर चढून बसला आणि कुंचला हातात घेतला.

उतरला तेव्हा मी वर बघितलं आणि कपाळाला हात लावला. घोरपडीच्या त्या भयंकर थोबाडात दोन लांबट, पाणीदार, मायाळू डोळे होते. कुठंही उभे राहा, ते तुमच्याकडेच बघत होते, आणि ‘जेवलास का?’ असं विचारत होते.

‘‘राजाराम, हे काय रे?’’

तो खाली मान घालून कुंचला धूत राहिला. ‘‘मी काय करू? जन्मभर गणपतीचेच डोळे काढलंय. हात तसोच वळता.’’

पहिल्या दिवशी एक पोर आलं, घोरपडीकडे बघून हसलं आणि तिच्या पायाला मिठी मारून बसलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्या नाकावर जास्वंदीचं फूल ठेवलं. मग हळदकुंकू आलं, नारळ आले, उदबत्त्या आल्या. उदबत्तीचा धूर जाळीतून सरळ माझ्या नाकात यायचा आणि मला ठसका लागायचा. घोरपड हुंकार देते, ही बातमी तिथून भोईवाड्यापर्यंत गेली.

मी ओरडायचं सोडून दिलं. ओरडलो की लोक साष्टांग पडायचे. माझ्या पायापासून हातभर अंतरावर, गोणपाटाच्या पलीकडे, कपाळं टेकत होती. त्यातली कितीतरी कपाळं मला ओळखीची होती. ती रस्त्यात माझी सावली टाळून गेलेली होती. खरं सांगतो, पहिले दिवस मला भलतीच मजा आली. एका म्हाताऱ्यानं घोरपडीकडे मुंबई मागितली. सबंध मुंबई, महाराष्ट्रासकट. माझंही तेच मागणं होतं, म्हणून मी आतून हळूच ‘झालाच पाहिजे’ म्हटलं. म्हातारा रडत रडत घरी गेला.

मजा संपली ती आनंदीबाईंमुळे. आनंदीबाई लालबागच्या एका चाळीत राहायच्या. त्यांचा मुलगा बंडू सत्याग्रहात पकडला गेला होता. त्या रोज दुपारी यायच्या, गर्दी नसताना, आणि जाळीपाशी तोंड नेऊन बोलायच्या. बंडूला भात लागतो, तिथं काय देत असतील. बंडूला थंडी सोसत नाही. देवा, त्याला कधी सोडणार? आणि मग उत्तराची वाट बघत उभ्या राहायच्या. माझ्या नाकासमोर त्यांचे डोळे असायचे. मी श्वास रोखून बसायचो. लाज वाटायची. गौरी-गणपतीला मानणार नाही, असं नागपूरला मी लाखो माणसांत उभा राहून म्हणालो होतो, आणि आता मीच पगार घेऊन देव होऊन बसलो होतो.

एका रविवारी भरगर्दीत त्यांनी पुन्हा तेच विचारलं. माझ्यानं राहवलं नाही. मी कर्ण्याला तोंड लावलं आणि म्हणालो, ‘‘बाई, मी देव नाही. मला काही ठाऊक नाही.’’

मग एक गृहस्थ गहिवरून म्हणाले, ‘‘बघा, एवढी शक्ती असून गर्व कसा तो नाही.’’ आणि टाळ्या वाजवत आरती सुरू झाली.

मी चिडलो. पोटाखालचं दार लाथेनं उघडलं आणि रांगत बाहेर आलो. अंगात घामानं भिजलेली बनियन, डोक्यात काथ्या. आरती मधल्याच कडव्यात थांबली.

‘‘हा कोण?’’

‘‘हाच देव,’’ मी म्हटलं. ‘‘नायगावला बीडीडी चाळीत राहतो.’’

मग तो प्रश्न आला, जो या शहरात नाव विचारण्याच्या आधी येतो. ‘‘कुणापैकी तुम्ही?’’

‘‘बौद्ध,’’ मी म्हणालो.

जे समजायचं ते सगळे समजले. पुढची रांग मागे सरकली. गृहस्थांनी निरांजन खाली ठेवलं. आनंदीबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत, पण त्या माझ्याकडे बघत होत्या की घोरपडीकडे, ते मला कळलं नाही.

त्या रात्री घरात बकुळानं एकच गोष्ट सांगितली. ‘‘देवपणाचा पगार या घरात नको. उद्या सोडून या.’’ मला ते पटलं होतं. मी सकाळी नोकरी सोडायलाच बागेत गेलो.

कोपऱ्यात गोमूत्राचा वास सुटला होता. घोरपडीच्या पोटावर, पायांवर, बुटक्या दारावर शिंपडलेलं अजून ओलं होतं. आतल्या स्टुलावरही शिंपडलं होतं. मनमोहनराव रुमालानं मान पुसत उभे होते. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलायला लागले.

‘‘हे बघ सीताराम, माझं स्वतःचं काही नाही. मी हे मानत नाही. पण लोकांच्या भावना असतात. उद्यापासून तू बाहेर झाडांना पाणी घाल. पगार तोच.’’

‘‘आणि आत?’’

‘‘आत दुसरं कुणीतरी बसेल. तू समजून घे. आता ते जनावर राहिलं नाही ना.’’

मी जे सांगायला आलो होतो ते माझ्या तोंडातच राहिलं. इतकी वर्षं मी त्या पोटात घाम गाळला, ओरडून घसा फोडला, तेव्हा कुणाला विटाळ झाला नव्हता, कारण ती घोरपड होती. तिला डोळे आले, नारळ आले, आणि त्याबरोबर मी बाहेर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी नोकरी सोडणार होतो, ती माझ्या पायांनी. मला कुणी शिंपडून घालवणार नव्हतं.

‘‘साहेब,’’ मी म्हटलं, ‘‘मी जात नाही.’’

‘‘अरे, पण—’’

‘‘तुम्ही दुसरा माणूस आणा. तो आत गेला की मी निघतो.’’

मनमोहनरावांनी आधी बागेच्या रखवालदाराला बोलावलं. तो दाराशी वाकला, आत डोकावला, आणि दोन्ही कान पकडून मागे आला. देवाच्या पोटात पाय सोडून बसायचं? बाल-बच्चे आहेत, साहेब. पाळणेवाल्यानं घोरपडीला नमस्कार केला आणि तेच सांगितलं. तिकीटवाला म्हणाला, बसायला हरकत नाही, पण चहा-विडी आत कशी प्यायची, आणि लघवीची आठवण झाली तर त्या विचारानंसुद्धा पाप लागेल. दुपारपर्यंत सगळी बाग विचारून झाली. ज्यांना देव वाटत होता त्यांच्यातला एकही जण त्याच्या आत जायला धजेना, आणि ज्याला वाटत नव्हता असा त्या बागेत मी एकटाच होतो.

‘‘मग कसं करायचं?’’ मनमोहनराव मलाच विचारू लागले.

‘‘मी बसतो,’’ मी म्हणालो. ‘‘पण जनावराच्या पोटात. देवाच्या नाही.’’

राजाराम तिथंच होता, पैशांचं काहीतरी राहिलं होतं म्हणून आलेला. मी त्याला म्हटलं, डोळे बदल. त्यानं काळा रंग कालवून दिला, परांची लावून दिली, पण स्वतः वर चढेना. ‘‘माझ्या हातान जमूचा नाय,’’ तो म्हणाला. ‘‘तूच काढ.’’

मी चढलो. आयुष्यात मी कधी कुंचला धरला नव्हता, आणि तेच कामी आलं. अंघोळ केली नव्हती, मौन पाळलं नव्हतं, उलट राजारामशी गप्पा मारत होतो. माया होती तिथं काळा रंग भरला. एक डोळा मोठा झाला, दुसरा कपाळात गेला. बुबुळं बाहेर आली. खाली उतरून बघितलं तर घोरपड तिरळी, कावलेली आणि साफ माणूसघाणी दिसत होती. तिच्याकडे बघून मला घरी गेल्यासारखं वाटलं. मनमोहनराव दोन पावलं मागे सरकले. ‘‘ही सुधारणा आहे का, सीताराम?’’

‘‘उद्या पोरांना विचारा,’’ मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी जबडा उघडला आणि पहिलंच पोर असं किंचाळलं की बापाची टोपी पडली. दुसरं आईच्या पदरात शिरलं. तिसरं रडलं, गप्प झालं, आणि पुन्हा बघायचं म्हणून हट्ट धरून बसलं. भाविकही आले, पण तिच्या नजरेला नजर दिल्यावर त्यांना आपापली कामं आठवली. नारळ संपले. धूर संपला. मला स्वच्छ दिसायला लागलं, आणि मी पोटभर ओरडलो.

दुपारी ऊन टळटळीत होतं तेव्हा आनंदीबाई आल्या. हातात फूल नव्हतं. तिरळ्या डोळ्यांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सरळ जाळीपाशी आल्या.

‘‘आत आहेस का रे, बाबा?’’

‘‘आहे.’’

‘‘बंडूला भेटायला देतात का? कुणाला विचारायचं असतं?’’

‘‘मला ठाऊक नाही,’’ मी म्हटलं. ‘‘संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कचेरीत विचारू. मी येतो उद्या तुमच्याबरोबर.’’

त्यांनी जबड्यात हात घालून बघितला. मग म्हणाल्या, ‘‘आत गरम होत असेल.’’ आणि हातातल्या पिशवीतून तांब्या काढून नळाकडे गेल्या. भरून आणला, मी जाळीची कड उचलली आणि त्यांनी तो जबड्यातून आत सरकवला. मी घटाघटा प्यायलो, वरून नाही, तोंड लावून. ते करून झाल्यावर मला कळलं की मी ते मुद्दाम केलं होतं. रिकामा तांब्या बाहेर दिला.

त्या पुन्हा नळाकडे गेल्या. मी जाळीला डोळा लावला. आता माती घेतील, घासतील, तीनदा विसळतील, हे मला लहानपणापासून पाठ होतं. मला बघायचं नव्हतं, तरी मी बघत होतो. आनंदीबाईंनी तांब्या नळाखाली धरला, भरला आणि तसाच तोंडाला लावला. पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि उन्हातून निघून गेल्या.

समोर पोरांची नवी रांग येऊन उभी होती. त्या खेपेला घोरपड ओरडायचीच राहिली. पोरांनी मनमोहनरावांकडे जाऊन तक्रार केली.