पाचोळ्याखालचं पाणी

मी एक टब बोलतोय. जस्ताच्या पत्र्याचा, दोन कानांचा, गुडघाभर खोल. जवळ बसा, पण लेकरू मांडीवर घ्या.

कपडे रंगवणाऱ्या एका बाईकडे मी कैक वर्षं राबलो. निळा, लाल, काळा, सगळे रंग प्यायलो. ती थकली, मला गंज चढला, आणि मी भंगारवाल्याच्या दारात येऊन पडलो. तिथून एका आजोबांनी मला उचललं.

आजोबांची नात अडीच वर्षांची. एका जागी ठरेना, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिची आई कामावर गेली की घरात ही दोघंच.

"बाबा, तिला टीव्हीपुढे नका हं बसवू," सून बजावायची.

"टीव्ही कशाला? हा टब आहे की!"

आजोबा ऋतू बघून खेळ ठरवत. पावसाळ्यात माझ्यात चिखल कालवला. भिंगरीने गोळे वळले. त्यातला एक आजोबांच्या मिशीत जाऊन बसला. थंडीत अंगणातला पाचोळा माझ्यात काठोकाठ भरला. भिंगरी धावत आली आणि डोक्यावरच आत पडली. नुसते पाय वर! आजोबांनी टाळ्या पिटल्या, सुट्टीच्या दिवशी सुनेनेही पिटल्या.

"पुन्हा!" भिंगरी म्हणे.

मग रोज तेच. धावायचं, डोकं खुपसायचं, टाळ्या.

थंडी सरली, ऊन तापलं. आजोबांनी मला पाण्याने भरलं. काय तरंगतं, काय बुडतं, ते नातीला दाखवायचं होतं. चमचा, खडे, बुचं शेजारी मांडली. भिंगरी आत झोपली होती. उठेपर्यंत गंमत म्हणून त्यांनी उरलेला पाचोळा पाण्यावर पसरला. पानाला पान लागलं. पाणी दिसेनासं झालं.

मी हुबेहूब थंडीतला दिसत होतो.

आजोबा टॉवेल आणायला आत गेले. तेवढ्यात दुसऱ्या दारातून दुडूदुडू पावलं आली. मला ओरडायचं होतं. पण कुणी ठोकल्याशिवाय पत्र्याला आवाज कुठला?

बुडणारं लेकरू ओरडतं, असं तुम्हाला वाटतं ना? नाही ओरडत. पानं जराशी सरकली आणि परत जुळली.

आजोबा आले. वर आलेले पाय बघून त्यांनी सवयीने टाळीसाठी हात उचलले. मग त्यांना दिसलं, पाय हलत नाहीत.

त्यांनी तिला ओढून काढलं, पाठीवर थापट्या मारल्या. पाणी ओकून ती रडली. इतकं गोड रडणं मी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. ती चिडली नाही. लेकीच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"बाबा, टाळ्या मीसुद्धा वाजवल्या होत्या."

मग आजोबांनी हातोडा आणि खिळा घेतला. माझ्या बुडाला भोकं पाडली. प्रत्येक घाव लागत होता, आणि मी मनात म्हणत होतो, अजून एक मारा.

आता माझ्यात थेंब टिकत नाही. भिंगरी अजून धावत येते. पाणी ती विसरली. टाळ्या नाही विसरली.

आणि न्हाणीघरात नवी बादली आली आहे, माझ्याहून खोल. पाणी भरून ठेवतात, दार नुसतं लोटतात. ती बिचारी चांगली आहे. मीही चांगलाच होतो.

तुमच्याही घरात असेल तशी एक. माझं ऐकत बसू नका. उठा, आधी ती पालथी घाला.