शालूच्या हातावरची ओळ

मनकर्णाच्या लेकीचा, शालूचा, शेंगदाण्याशी उभा दावा होता. ती चार वर्षांची असताना शेजारणीने कौतुकाने तिच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला, आणि पोरीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. कशीबशी वाचली. तेव्हापासून शेंगा फोडायच्या कामावरून आल्यावर मनकर्णा आंघोळ केल्याशिवाय लेकीला शिवत नसे. बाया हसायच्या. "बाप्पा! बौद्ध झालो, शिवाशिव सुटली, अन् हे घरातच सोवळं पाळून राहिली!"

"हसा. पोरगी माही हाय," मनकर्णा म्हणायची.

एकसष्ट साली आठ वर्षांच्या शालूच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. पाय पिकला, ताप चढला. मनकर्णाने तिला पाठुंगळी घेतलं, मूर्तिजापूरला गाडी पकडली आणि अकोल्याचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी टाच चिरून पू काढायचं ठरवलं. त्याआधी पेनिसिलिनची सुई.

खुशालराव कंपाउंडर बाटली तळहातांत घोळवून गरम करू लागला. औषध काचेला चिकटून सावकाश उतरत होतं. मनकर्णाचे डोळे तिथेच खिळले.

"दादा, हे तेल हाय ना? कायचं तेल हाय?"

"औषध हाय बाई. तेलात घोटलेलं असते. बाजूले सरका."

"माह्या पोरीले शेंगदाणा चालत नाही. मरता मरता वाचली."

"अवो, मी काय तिले चटणी चारून राहिलो? कमरेत टोचतो. तोंडाचा काय संबंध?"

काय ते शहाणपण! मनकर्णा शालू आणि सुईच्या मधे उभी राहिली. "खाल्लेलं बी रगतातच जाते ना? तुमी तं सरळ अंगातच घालता. कायचं तेल हाय, वाचा. मले वाचता येत नाही, तुमाले येते."

गलका ऐकून डॉक्टर आले. ही बाई डॉक्टरकी शिकवून राहिली, अशी खुशालरावाने तक्रार केली. डॉक्टरांनी आठ्या घालूनच बाटली उजेडाकडे धरली आणि बारीक अक्षरं वाचली. मग पुन्हा वाचली.

"भुईमुगाचं तेल," ते म्हणाले. "दहा वर्षं हेच देतोय. कधी कुणी विचारलं नाही."

खुशालरावाने बाटली परत कपाटात ठेवली.

पाण्यातलं पेनिसिलिनही होतं, पण ते दर चार तासांनी टोचायचं, पाच दिवस. मनकर्णा पाच दिवस व्हरांड्यात बसली. प्रत्येक सुईआधी तिने बाटली मागून पाहिली. तिसऱ्या दिवसापासून खुशालराव स्वतःच आणून दाखवू लागला.

निघताना डॉक्टरांनी शेंगदाण्याबद्दल लिहिलेली चिठ्ठी दिली. "जिथे जाल तिथे ही दाखवा."

मनकर्णाने चिठ्ठी उलटसुलट केली. कागद भिजतो, हरवतो, आणि आई तरी जन्माला पुरते का? तिचे स्वतःचे हात कोपरापर्यंत गोंदलेले होते. लेकीच्या हाताला गोंदण लागू द्यायचं नाही, त्यात फक्त लेखणी द्यायची, असं तिने केव्हाच ठरवलं होतं. आता तिने शालूचा तोच कोरा हात टेबलावर ठेवला.

"डॉक्टरसायेब, इथं लिहा. गावात गेल्यावर त्याच्यावरूनच गोंदून घेऊ."

डॉक्टरांनी टाक उचलला. "इंग्रजीत लिहितो. म्हणजे डॉक्टरांना कळेल."

"नाही, मराठीत लिहा. डॉक्टर तं वाचतच नाहीत. माह्या पोरीले वाचता आलं पायजे."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी मान खाली घालून, ठळक अक्षरांत, एकेक शब्द लिहिला.

शाई ओली होती; शालूने बोट न लावता अक्षरं जुळवली. "शेंगदाणा नको. त्याचं तेलही नको."

"अजून एकदा वाच," मनकर्णा म्हणाली. "मोठ्यानं."