पुसलेला बाण

वायनोने उभ्या जन्मात जमिनीवर बसून हरीण मारलं नव्हतं. तसं बसणाऱ्यांना तो ‘बटाटे राखणारे’ म्हणायचा. मेपलच्या झाडावर पंधरा फुटांवर त्याने स्वतः ठोकलेलं मचाण होतं, खाली हरणांची वाट होती, आणि त्याची तीस वर्षं तशी गेली. दोन वर्षांपूर्वी त्या मचाणाची एक फळी कुजकी निघाली. तेव्हापासून कमरेखालचे पाय नुसते सोबत होते.

“खांदे हेच आता तुझे पाय,” डॉक्टर म्हणाले होते. “उजवा आधीच झिजलाय. धनुष्य ओढत राहिलास तर फाटेल, मग पलंगावरून खुर्चीतसुद्धा जाता येणार नाही.”

“एक मोसम,” वायनो म्हणाला. “एक हरीण. मग धनुष्य ऑनीला देऊन टाकतो.”

डॉक्टरांनी त्याच्या बायकोकडे, लेम्पीकडे पाहिलं. लेम्पीने खिडकीबाहेर पाहिलं. वायनोचं बोलणं, जेवणं, दाढी करणं असं सगळं त्या एका हरणापाशी येऊन थांबलं होतं, हे डॉक्टरांना कसं सांगणार?

आज नोव्हेंबरची चौदा तारीख होती. उद्यापासून बंदुकांचा मोसम, धनुष्याचा आज संपत होता. पहाटे वायनोचा धाकटा भाऊ ऑनी याने ट्रकमधून दोघांना आणलं आणि वायनोची चाकांची खुर्ची ओंडक्यांवरून उचलून आडोशात ठेवली. लेम्पीने स्प्रूसच्या फांद्या लावून हा आडोसा उभा केला होता, छातीइतका उंच, समोर हातभर फट.

“साडेअकराला येतो,” ऑनी म्हणाला. “बाराला बर्फ आहे, रेडिओवर सांगितलंय. आणि म्हाताऱ्या, चुकलास तर सदरा माझा.”

“तुझ्या कॅम्पात माझा एकही तुकडा नाही.”

“म्हणून तर सुरीला धार लावून ठेवलीय!”

ऑनीच्या शिकारी कॅम्पाच्या भिंतीवर सदऱ्यांचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले होते. ज्याचा नेम चुकला त्याच्या सदऱ्याची मागची शेपटी कापायची आणि तिच्यावर नाव नि साल लिहायचं. एकट्या ऑनीच्याच सात होत्या.

वायनोचा बाण आणि लेम्पीचं नाक, असं गावात म्हणत. तो मारायचा, ती शोधायची. बाण पाहून, हुंगून ती सांगायची की कुठे लागलाय, किती वेळ थांबायचं, हरीण कुठल्या अंगाला जाऊन पडेल. तीस वर्षांत तिचं सांगणं कोणी खोडून काढलं नव्हतं.

आडोशात ती त्याच्या डाव्या बाजूला बसली. खिशातून रुईसारख्या झाडाची एक म्हातारी काढून तिने हवेत सोडली. ती तरंगत त्यांच्या मागे गेली. वारा चांगला होता. जमिनीवर वारा फिरला की संपलं, आणि हरणाचे डोळे तुमच्या डोळ्यांच्याच उंचीवर असतात. त्याचं डोकं झाडामागे जाईल तेवढ्याच दोन क्षणांत धनुष्य ओढायचं असतं. सहा आठवड्यांत पाच हरणं आली होती, आणि पाचही वेळा वायनोचा खांदा त्या दोन क्षणांत पुरा पडला नव्हता.

साडेआठला सहावं आलं. नर होता, फार मोठा नव्हे. पंधरा पावलांवर त्याचं डोकं हेमलॉकच्या खोडामागे गेलं आणि वायनोने दोरी ओढली. लेम्पीला त्याच्या खांद्यातला कट्ट असा आवाज ऐकू आला. हरणाने एक पाऊल पुढे टाकलं, बाण सुटला.

वायनोचे डोळे कळ येऊन मिटले होते. ते उघडले तेव्हा हरीण दिसत नव्हतं.

“लागला,” तो कुजबुजला. “आवाज आला. लागला ना? कुठे?”

लेम्पीने पाहिलं होतं. हरीण उधळलं नाही. पाठीची कमान करून, शेपूट पोटाशी घेऊन, आखडत आखडत चालत गेलं.

“बाण बघून येते,” ती म्हणाली.

बाण पलीकडे शेवाळात रुतला होता. दांड्यावर हिरवट चिकटा होता, पिसं चिकटून एक झाली होती. हुंगायची गरज नव्हती, तरी सवयीने तिने हुंगलं. आंबूस वास. आतडं. अशा हरणाला आठ तास हात लावायचा नाही. ते जवळच कुठेतरी बसतं आणि बसल्या जागी मरतं. उठवलं तर मैलभर जातं, रक्त सांडत नाही, आणि कोणालाच मिळत नाही. बर्फ पडला तरी थांबायचं. बर्फाखालचं मेलेलं हरीण शोधता येतं.

तिने मान वळवली. फटीतून वायनोचा चेहरा दिसत होता. दोन वर्षांत तो इतका उजळलेला तिने पाहिला नव्हता.

“फेस आहे?” त्याने हळूच विचारलं.

फेस म्हणजे फुप्फुस. फुप्फुस म्हणजे शंभर पावलांत हरीण.

“आहे,” लेम्पी म्हणाली.

“गुलाबी?”

“गुलाबी.”

तिने बाण ओल्या शेवाळात दोनदा पुसला आणि परत आली.

फुप्फुसाला अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासात वायनोने दोन कप कॉफी घेतली आणि वेलचीचा पाव सगळा खाल्ला. काळीज आज रात्री कांद्यात परतायचं, शिंगं कोठाराच्या दारावर, ऑनीला फक्त मानेचं मांस द्यायचं, असं सगळं ठरलं. उजवा हात त्याने मांडीवर ठेवला होता. कप तो डाव्या हाताने उचलत होता.

“झाला की अर्धा तास. बसलीस काय? जा!”

ती निघाली. तिचा बेत साधा होता. उताराला शंभर पावलं जायचं, तिथल्या आडव्या पडलेल्या बर्चवर बसून राहायचं, आणि परत येऊन सांगायचं की माग तुटतोय, संध्याकाळी बघू. खोटं एकदा सांभाळलं की आठ तास निघतील.

हरीण त्याच बर्चच्या मागे बसलेलं होतं.

दोघांमध्ये चार पावलं होती. हरणाने तिच्याकडे पाहिलं, पुढचे पाय टेकवून कसंबसं उठलं आणि देवदारांच्या दलदलीत शिरलं. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग थांबला. ती गुडघाभर पाण्यात दीड तास फिरली. एक खूर उमटलेला मिळाला, पानावर रक्ताचा एक थेंब मिळाला. मग बाराची वाट न पाहता बर्फ सुरू झाला.

आडोशापाशी ऑनी येऊन उभा होता.

“नाही?” त्याने विचारलं. “तुला नाही मिळालं? तुला?”

“दलदलीत गेलं.”

“फुप्फुस फुटलेलं हरीण दलदलीत गेलं!” ऑनी हसला. वायनो हसत नाही हे पाहून त्याने खिशातली सुरी काढली, गमतीवारी न्यावं म्हणून. “चल म्हाताऱ्या, शेपटी काढ.”

“त्याची नको,” लेम्पी म्हणाली. “माझी काप.”

“तुझी कशाला? बायकांच्या कधी कापतात?”

“बाण दे,” वायनो म्हणाला.

तिने दिला. त्याने हुंगला नाही. दांड्यावरून नुसता अंगठा फिरवला.

“तीस वर्षांत,” तो म्हणाला, “तू बाण पुसून आणलेला मला आठवत नाही.”

ऑनीने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. सुरी मिटून खिशात टाकली.

“तू विचारलंस तेव्हा,” लेम्पी म्हणाली, “तुझं तोंड...” 

“पोटात होता?”

“हो.”

“आणि उठवलंस.”

“हो.”

 तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने धनुष्याची दोरी उतरवायला घेतली. ती एका हाताने उतरत नाही. थोडा वेळ खटपट करून त्याने धनुष्य तसंच ऑनीपुढे धरलं, आणि ऑनीने ते घेतलं.

ट्रकपाशी खुर्चीतून सीटवर जायची त्यांची पद्धत बसलेली होती. तो दोन्ही हात तिच्या गळ्याभोवती टाकायचा, ती तीनपर्यंत मोजायची, आणि तो स्वतःचं अर्धं वजन स्वतः उचलायचा. लेम्पी वाकली. डावा हात आला. उजव्याची तिने वाट पाहिली. तो मांडीवरून वीतभर उठला आणि पडला.

“ऑनी,” वायनो म्हणाला, “इकडे ये. पाय धर.”

लेम्पीने त्याचा उजवा हात उचलून स्वतःच्या मानेवर ठेवला आणि घसरू नये म्हणून मनगटाला धरून ठेवला. बाहीला बाणाचा तोच आंबूस वास येत होता. तो कुणाच्या बाहीला, ते कळत नव्हतं.

“एक,” ती म्हणाली. “दोन.”